लगद्याचे कोपरे

परभणीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी नोकरीला लागले, तेव्हा आई शेजारणींना सांगायची, "टीव्हीच्या कारखान्यात आहे." लोकांना वाटायचं, मी टीव्ही बनवते. मी खोकी भरत होते. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीकडून सुटे भाग यायचे, आमच्याकडची मुलं ते जोडायची आणि तयार झालेले चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही जिंतूर, सोनपेठ, गंगाखेडच्या दुकानांत जायचे. माल फुटू न देता पोचवणं, एवढंच माझं काम. वडील जिंतूरला मास्तर होते. ते गेल्यावर आम्ही परभणीला आलो होतो आणि घरात कमावणारी मी एकटी होते.

कारखाना म्हणजे दोन पत्र्याच्या शेड. मालकाला आम्ही साहेब म्हणायचो. इंजिनिअर झालेला, पुण्यातली नोकरी सोडून गावाकडं काहीतरी करायचं म्हणून परतलेला माणूस. तो वाईट नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल.

आमच्याकडे पिक्चर ट्यूब यायची ती थर्माकोलच्या जाड पेटीत. ट्यूब काढली की पेटी निकामी. आणि तयार टीव्ही जायचा तो थर्माकोलच्या आठ कोपऱ्यांत, तेही बाहेरून ट्रकनं यायचे. म्हणजे येतानाही थर्माकोल, जातानाही थर्माकोल, आणि वाटेत मोडलेला आमच्या मागच्या अंगणात. ढीग शेडच्या खिडकीपर्यंत चढायचा. वारं सुटलं की पांढरे मणी शेजारच्या ज्वारीत जाऊन पडायचे. शेतवाला दोनदा येऊन गेला. त्याच्या म्हशीच्या शेणात ते मणी निघायला लागले होते. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं ते कागदात बांधून आणले होते. साहेबांच्या टेबलावर पुडी उघडून ठेवली.

तेव्हापासून आम्ही तो ढीग जाळायला लागलो.

जाळायचं काम मावशींकडं होतं. झाडलोट, पाणी भरणं आणि हे. पन्नाशीच्या आसपासची बाई, उंच, हाडापेरानं मोठी. बोलणं कमी. त्यांचं गाव ताडकळसच्या पलीकडं. विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी गावोगाव जाळपोळ झाली त्यात त्यांच्या वस्तीतली घरं गेली आणि त्या मुलासुनेला घेऊन परभणीला आल्या, एवढं कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल कुणी त्यांना विचारत नव्हतं. मीही नाही. त्या वर्षी मी जिंतूरला शाळेत होते आणि आमच्या घरी त्या बातम्या हळू आवाजात वाचल्या जायच्या.

मावशी रोज थोडं थोडं जाळायच्या. वाऱ्याची दिशा बघून उभ्या राहायच्या, तोंडाला पदर बांधायच्या. थर्माकोल जळताना काळा धूर निघतो आणि काजळीचे धागे हवेत तरंगतात. ते वाळत घातलेल्या कपड्यांवर बसले की निघत नाहीत.

"ताई, ह्याचा धूर गळ्याला धरायलाय," त्या मला एकदा म्हणाल्या. "गवरी जळती, लाकूड जळतं, त्याची राख व्हती. ह्याची राख व्हत न्हाई. हे नुसतं वितळतं अन् पुन्हा दगड होऊन बसतं."

मी साहेबांना सांगते म्हणाले. सांगितलंही असेल. आठवत नाही.

त्या हिवाळ्यात कंपनीचा एक अधिकारी कारखाना बघायला येणार होता. साहेबांनी सकाळी मला बोलावून सांगितलं, "मागचं अंगण दुपारपर्यंत साफ दिसलं पाहिजे." पंधरा दिवसांचा ढीग साठलेला होता. मी मागं गेले आणि मावशींना म्हणाले, "आज सगळं एकदमच उरका. बारापर्यंत व्हायला हवं."

त्यांनी ढिगाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "एकदम?"

"हो. साहेबांचं सांगणं आहे."

साहेबांनी साफ करायला सांगितलं होतं. एकदम उरका, हे माझे शब्द होते.

मी आत यादी करत बसले होते तेव्हा ओरडणं ऐकू आलं. ढीग भडकला होता. बाहेर घरंगळणारा एक मोठा तुकडा मावशी काठीनं आत लोटत होत्या आणि तो वितळून काठीवरून त्यांच्या उजव्या हातावर ओघळला. हात झटकला तेव्हा थेंब पातळावर पडले. पातळ नायलॉनचं. मुलांनी बादल्या ओतल्या, आग विझली, पण हातावरचं ते थंड होऊन लाखेसारखं चिकटून बसलं. मावशी स्वतः ओरडल्या नव्हत्या, ओरडली होती ती मुलं. त्या हात पुढं धरून खाली बसल्या होत्या, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे.

साहेबांच्या गाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ते काढलं ते कातडीसकट. मी बाहेरच्या बाकावर होते. दुपारी अधिकारी येऊन गेला आणि अंगण स्वच्छ आहे म्हणाला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मावशी तीन आठवडे दवाखान्यात होत्या. मी एक दिवसाआड जायची. सून डबा घेऊन यायची, मग माझ्यासाठी स्टूल मोकळं करून बाहेर जाऊन बसायची. नंतर एकदा त्या छताकडं बघत म्हणाल्या, "आमचं घर जळलं तवा आमी ज्वारीत लपून बघितलं. कुडाचं घर. लवकर जळलं. त्याचा वास मला लागला न्हाई. हा वास जाईना बगा नाकातून."

मी म्हणाले, "मावशी, चूक माझी होती."

त्यांनी पट्टी बांधलेला हात उशीवर सरकवला. मग म्हणाल्या, "जाळायलाच लागू नये असं काही न्हाई का? टीव्ही ठेवायला हेच कशाला लागतंय?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. पॅकिंग माझ्याकडं होतं.

त्या परतल्या तेव्हा त्यांची करंगळी आणि शेजारचं बोट एकमेकांना चिकटून वाकलं होतं. हाताला झाडू धरवत नव्हता. साहेबांनी त्यांना नुसतं बसवून ठेवलं असतं, तेवढी त्यांना लाज होती. पण मावशींना बसणं जमेना. एक दिवस त्यांनी घरून कागदाच्या लगद्याचं टोपलं आणलं, भाकरी ठेवतात तसलं. रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथ्या वाटून घालून पालथ्या घागरीवर थापलेलं. आमच्या आईकडंही तसलं होतं, पण मी त्याकडं कधी नीट पाहिलं नव्हतं. मावशींनी ते माझ्या टेबलावरून फरशीवर टाकलं. ते उडालं, घरंगळलं आणि काही झालं नाही.

"ह्याचे कोपरे करा," त्या म्हणाल्या. "रद्दीच हाय. नको झालं तर उकिरड्यावर टाका, पावसात कुजून जाईल. जाळायची गरजच न्हाई."

साहेबांना ते पटलं. मला वाटतं, ते काहीतरी पटायची वाटच बघत होते. सुताराकडून लाकडी साचा करून घेतला. मावशींना थापता येत नव्हतं, म्हणून त्यांनी वस्तीतल्या चार बायका आणल्या, त्यांत त्यांची सूनही होती. मावशी लगद्याच्या पिंपाजवळ उभ्या राहून सांगायच्या, बायका करायच्या. लगदा किती कुटायचा, पाणी किती पिळायचं, साच्याला जुन्या धोतराचं फडकं कसं लावायचं. माझ्या हातात वही असायची. दहावीच्या वर्गात बसल्यासारखं मी सगळं लिहून घ्यायची.

पहिले कोपरे भरीव केले. दगडासारखे टणक झाले. टीव्ही खोक्यात घालून कमरेच्या उंचीवरून टाकला आणि उघडला तर ट्यूबची मान तडकलेली. एक ट्यूब गेली म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. मावशी खाली बसून तो कोपरा उलटासुलटा बघत राहिल्या.

"भरीव कशाला केलाव? पोकळ ठेवा. टोपलं आपटलं की टोपलं दबतं, आतल्या भाकरीला काही व्हत न्हाई."

मग आतून पोकळ, वाटीसारखे केले. बरे झाले, पण चिरायचे. त्यावरही मावशींनीच सुचवलं. कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीला चिकटून राहिलेली रुई, झाडून काढलेला कचरा पोत्यानं पडलेला असतो, तो लगद्यात घातला. रुईच्या धाग्यांनी लगदा धरून राहिला, दाबला की दबायचा आणि पुन्हा वर यायचा. त्या कोपऱ्यांत बसवलेला टीव्ही आम्ही कमरेवरून टाकला, खांद्यावरून टाकला. शेवटी खोकं एसटीच्या टपावर बांधून जिंतूरला पाठवलं आणि त्याच गाडीनं परत आणलं. रस्ता कसा होता ते तिकडच्या माणसाला विचारा. शेडमध्ये आणून सुरू केला तर चित्र आलं. त्या दिवशी मावशी हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते.

सरळ काहीच झालं नाही. श्रावणात हवा दमट झाली आणि गोदामातले कोपरे मऊ पडले, त्यांवर बुरशी आली. मेथीच्या वासानं उंदीर आले आणि एका आठवड्यात अर्धा माल कुरतडून गेला. मेथी काढली, चिंचोके भाजून दळून त्याची खळ घातली आणि वह्या बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकतात तसा चिमूटभर मोरचूद टाकला. उंदीर थांबले. गोदामाच्या जमिनीवर फळ्या मारल्या, दमटपणा कमी झाला. दिवाळीच्या आधी आम्ही पहिला पूर्ण ट्रक लगद्याच्या कोपऱ्यांत भरून पाठवला. एकही टीव्ही फुटून परत आला नाही. तो एक हंगाम मागच्या अंगणात ढीग नव्हता. ट्यूबच्या पेट्या तेवढ्या होत्या, त्या आम्ही येणाऱ्या ट्रकनं कंपनीला परत पाठवायला लागलो होतो. अंगणात कोपरे वाळत असायचे, शेकड्यानं, खाकी रंगाचे, ओळीनं. शेजारचा शेतवाला बांधावर उभा राहून बघायचा.

मग सोनपेठचा दुकानदार आला. आमच्याकडून सर्वांत जास्त माल तोच उचलायचा. साहेब बाहेरगावी होते, म्हणून मीच त्याला सगळं दाखवलं. अंगणात मावशी आणि बायका कोपरे उलटत होत्या. तो थांबला, एक कोपरा हातात घेतला, वास घेतला.

"गिऱ्हाईक खोकं उघडतं अन् विचारतं, हे काय गोवरीसारखं," तो म्हणाला. "जुना माल दिला का म्हणून भांडतंय. बनवतंय कोण हे?"

"आमच्याच बायका," मी म्हणाले.

"कुठल्या बायका? कोणत्या वस्तीतल्या?"

मी मावशींकडं पाहिलं. त्यानं आवाज खाली आणला, पण फार नाही. "न्हाई, विचारायचं म्हणून विचारलं. टीव्ही लोक घरात देवाच्या फळीखाली ठेवायलेत. उद्या कुणी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे. सध्या दिवस कसे हाईत तुमाला माहीत हाय."

मावशी दहा पावलांवर होत्या, बाकीच्या बायका अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. पाठ आमच्याकडं होती आणि डाव्या हातानं त्या एकेक कोपरा उलटत होत्या.

"आमच्या गल्लीतल्या आहेत," मी म्हणाले. "आमच्या ओळखीच्या घरच्या."

दुकानदारानं मान हलवली, कोपरा खाली ठेवला आणि रुमालाला हात पुसले. माल घेऊन तो गेला.

मला तेव्हा वाटलं, मी काम वाचवलं. पाच बायकांच्या हातचं काम एका वाक्यानं वाचवलं. संध्याकाळी घरी जाताना मी तसं स्वतःला दोनतीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन पिंपाजवळ गेले तेव्हा मावशी लगदा ढवळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ताई, तुमच्या गल्लीत आमची घरं कोणती?"

आवाजात राग नव्हता. मी वही उघडली. ढवळणं न थांबवता त्या म्हणाल्या, "असू द्या. खळ आज पातळ झालीय."

त्यानंतर त्या मला कामापुरतंच सांगायच्या. बायका माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलायच्या, त्यामुळे मावशींनी त्यांना काही सांगितलं नसावं. हे मला जास्त लागलं. सांगितलं असतं तर मी कुणाकडं तरी माफी मागितली असती.

उन्हाळ्यात कंपनीचा तोच अधिकारी पुन्हा आला. कोपरे बघितले, स्वतः खोकं उचलून तीनदा आपटलं. मजबुतीबद्दल त्याची तक्रार नव्हती. तो म्हणाला, "चांगलं आहे, पण पांढरं नाही. माणूस आयुष्यात एकदा टीव्ही घेतो. खोकं उघडल्यावर आत स्वच्छ पांढरं दिसायला हवं त्याला." साहेबांनी चुना घालून पाहिला. कोपरे पांढरे झाले, पण चुन्याची भुकटी झडून टीव्हीच्या आत जायला लागली. महिन्याभरात कंपनीचं पत्र आलं. यापुढं सुट्या भागांबरोबर तयार थर्माकोलचे कोपरे तेच पाठवणार होते. आम्हाला वेगळं काही करायचंच नव्हतं. आणि ट्यूबच्या रिकाम्या पेट्या परत पाठवू नयेत, त्या ठेवायला त्यांच्याकडं जागा नाही, असं खाली लिहिलं होतं.

साहेब म्हणाले, "बायकांना तुम्हीच सांगा. त्या तुमचं ऐकतात."

मी सांगितलं. बायका उठून हात धुवायला गेल्या. मावशी थांबल्या.

"आमच्या हातचं म्हणून?"

"नाही मावशी. पांढरं हवं म्हणून. पत्रात तसंच लिहिलंय."

"दुकानदारानं काही कळवलं असंल."

"तसं काही नाही," मी म्हणाले. ते खरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांनी विश्वास ठेवला नाही आणि ठेवावा असं मी त्यांना काही दिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी कामावर आल्या नाहीत. साहेबांनी माणूस पाठवला, त्यांनी येत नाही म्हणून निरोप दिला.

अंगणात पुन्हा ढीग वाढायला लागला. मी साहेबांना सांगितलं की जाळायला मी कुणालाही सांगणार नाही, काढायचं तर मला काढा. त्यांनी मला काढलं नाही. थर्माकोल गाडीत भरून वसाहतीमागच्या जुन्या खदानीत टाकायला लागले. मला त्यात समाधान वाटलं पाहिजे असं त्यांना वाटत असावं. पावसाळ्यात खदान भरली की तो सगळा वर तरंगायचा आणि कडेला पाणी प्यायला आलेली जनावरं तोंड घालायची. एकदा मी तिथं बघायला गेले होते. पुन्हा गेले नाही.

रंगीत टीव्ही वाढले तसं आमचं काम आटलं आणि कारखाना बंद झाला. मला एका शाळेत कारकुनाची नोकरी मिळाली. मावशींच्या वस्तीत जायचं मी कितीदा तरी ठरवलं. वस्तीच्या अलीकडच्या रेल्वे फाटकापर्यंत दोनदा गेलेही आणि परत आले.

विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला त्या जानेवारीत गावात पोलीस होते, शाळेला सुट्टी दिली होती. चार दिवसांनी बाजार पुन्हा भरला तेव्हा मी भाजी घ्यायला गेले. मेथीच्या जुड्या मांडून बसलेली बाई ओळखीची वाटली. मावशींची सून. अंगानं भरली होती. मी मावशींची चौकशी केली.

"गेल्या की त्या," ती म्हणाली. "दीड वरीस झालं. छातीचं दुखणं. लय खोकायच्या." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तुमी कारखान्यातल्या ताई न्हव?"

मी हो म्हणाले. विचारू नये असं वाटत असताना विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायच्या का?"

तिनं आठवून पाहिलं. मन राखायला काही सांगावं असं तिला वाटलं असेल, पण तिला खोटं बोलता आलं नाही.

"न्हाई ताई," ती म्हणाली. "कारखान्याचं त्यांनी कवाच काही काढलं न्हाई."

मागं गिऱ्हाईक उभं होतं. तिनं विचारलं, किती जुड्या देऊ. मी दोन म्हणाले, पिशवी पुढं केली आणि ती माती झटकून जुड्या आत ठेवत असताना तिच्या हातांकडं बघत उभी राहिले.